कसोटीतला आपला पहिला चेंडू: मोहम्मद निसार

दुसरी स्लिप (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात बुमराचा एक स्पेल बघून आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रूपवर कुणीतरी लिहिलं, "आपल्याकडे फास्ट बोलर हे कपिलपासून. त्याआधी सगळा फिरकीचा मामला." लगेच अंगठ्यांची रांग लागली. मी उत्तर टाइप केलं, मग पुसलं. त्या ग्रूपवर पाण्याच्या टाकीपलीकडचा कुठलाच विषय दोन मिनिटांवर टिकत नाही. म्हणून इथे लिहितोय.

गोष्ट भारताच्या लॉर्ड्सवरच्या पहिल्या कसोटीच्या आधी दहा दिवस, इंग्लंडातल्या लेटनच्या मैदानावर सुरू होते. १५ आणि १६ जून १९३२. यॉर्कशायर विरुद्ध एसेक्स, दोन इंग्लिश कौंटी संघ. पर्सी होम्स आणि हर्बर्ट सटक्लिफ सलामीला आले आणि ५५५ धावा झाल्यावरच वेगळे झाले. सटक्लिफ ३१३, होम्स नाबाद २२४. विश्वविक्रम झाल्यावर सटक्लिफ बाद झाला आणि तिथेच डाव घोषित. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की धावफलक ५५४ दाखवतोय, म्हणजे विक्रमाची नुसती बरोबरी. नंतर हिशोबात एक नोबॉल सापडला आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. (तो नोबॉल खरंच पडला होता की सापडवला, यावर अजून लोक हसतात.)

शनिवार, २५ जून १९३२. लॉर्ड्सवर भारताची पहिली कसोटी. इंग्लंडने नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली आणि सलामीला तीच जोडी पाठवली. समोर नवखा संघ, सगळ्या संघाची मिळून एकही कसोटी झालेली नाही. चेंडू कुणाच्या हातात? होशियारपूरच्या, एकवीस वर्षांच्या मोहम्मद निसारच्या.

सहा फुटांवर उंची, खांदे पैलवानाचे. सटक्लिफचा त्रिफळा उडाला ३ धावांवर, होम्सचा ६ वर. दोघेही निसारने काढले, ८ वर एक आणि ११ वर दुसरा. तेवढ्यात लालसिंगने फ्रँक वूलीला धावबाद केलं. ३ बाद १९. दहा दिवसांपूर्वी ज्यांना हलवायला अख्ख्या एसेक्सला दीड दिवस लागला होता, ते दोघेही पहिल्या अर्ध्या तासातच पॅव्हेलियनमध्ये.

पुढे जार्डिनने ७९ आणि एम्सने ६५ केल्या, म्हणून इंग्लंड २५९ पर्यंत तरी पोचलं. निसार ९३ धावांत ५. पहिल्याच कसोटीच्या पहिल्याच डावात पाच बळी. आपण १८९ आणि १८७ केल्या, १५८ धावांनी हरलो. दुसऱ्या डावात अमरसिंगने ५१ केल्या. कसोटीतलं भारताचं पहिलं अर्धशतक गोलंदाजाचं आहे, हेही त्या ग्रूपवर कुणाला सांगून उपयोग नाही.

त्या संघाची गंमत अशी, की दौऱ्याचा कप्तान होता पोरबंदरचा महाराजा. सबंध दौऱ्यातल्या प्रथम श्रेणी सामन्यांत त्याच्या मिळून २ धावा. त्याच्याकडे धावांपेक्षा रोल्स-रॉइस गाड्या जास्त आहेत, असा विनोद तेव्हापासून चालू आहे. पण माणूस शहाणा. कसोटीच्या दिवशी स्वतः बाहेर बसला आणि सी. के. नायडूंच्या हाती संघ दिला. विजय मर्चंट त्या संघात नव्हता, एल. पी. जय नव्हता. गांधीजी आणि बाकीचे पुढारी तुरुंगात असताना इंग्लंडला खेळायला जायचं नाही, असं मुंबईच्या हिंदू जिमखान्याने ठरवलं होतं. म्हणजे फलंदाजीतली दोन मोठी नावं घरी आणि मैदानावर जे काही नाव झालं ते नव्या चेंडूच्या जोरावर. त्या दौऱ्यात निसारचे प्रथम श्रेणीत ७१ बळी, सरासरी १८ च्या आसपास. अमरसिंगचे १११.

सी.केंचं मत होतं की पहिल्या स्पेलपुरता निसार हा इंग्लंडच्या वेगवान लारवूडपेक्षाही वेगवान होता. "पहिल्या स्पेलपुरता" हे शब्द महत्त्वाचे, कारण त्याचा खरा वेग सुरुवातीच्या काही षटकांतच असायचा. देह मोठा, दमणूकही मोठी. पण त्या काही षटकांत चेंडू आत यायचा, तोही यष्ट्यांवर.

मग डिसेंबर १९३३. भारतातली पहिली कसोटी, मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर. ज्या क्लबात तेव्हा भारतीय माणसाला सभासद म्हणून घेत नसत, त्याच मैदानात शामियाने टाकून भारताची कसोटी! इंग्लंड ४३८, निसार ९० धावांत ५. दुसऱ्या डावात लाला अमरनाथने ११८ केल्या, भारताचं पहिलं कसोटी शतक. लोक मैदानात धावले, बायकांनी अंगावरचे दागिने काढून दिले म्हणतात. आपण ९ गडी राखून हरलो.

१९३६ चा दौरा म्हणजे विझीचा दौरा. विजयानगरमचे महाराजकुमार. त्यांनी अमरनाथला पहिल्या कसोटीआधीच बोटीत बसवून घरी पाठवलं, स्वतः तिन्ही कसोट्या खेळले आणि नाइटहूड घेऊन परतले. पोरबंदरकरांना जे कळलं ते यांना कळलं नाही. त्या गोंधळातही लॉर्ड्सवर इंग्लंडचा डाव १३४ वर संपला: अमरसिंग ३५ धावांत ६, निसार ३६ धावांत ३. आपल्या १४७ होत्या, म्हणजे लॉर्ड्सवर १३ धावांची आघाडी. दुसऱ्या डावात ९३ वर गुंडाळले गेलो, तो भाग सोडा. ओव्हलवर हॅमंडने २१७ केल्या, निसारने त्यातही १२० धावांत ५ काढले. ती त्याची शेवटची कसोटी. वय २६.

त्यानंतर भारत थेट १९४६ मध्ये कसोटी खेळला. मधली दहा वर्षं आधी वेळापत्रकाने आणि मग महायुद्धाने खाल्ली. १९४६ च्या लॉर्ड्सवर नवा चेंडू घेतला लाला अमरनाथने, म्हणजे मूळच्या फलंदाजाने.

निसारचा कसोटी हिशोब: ६ कसोट्या, २५ बळी, सरासरी २८.२८, डावात पाच बळी तीनदा. तीन मालिका, प्रत्येकीत एकदा. सहापैकी चार हरलो, दोन अनिर्णित. जिंकलेला संघ त्याला भारतीय म्हणून बघायलाच मिळाला नाही. प्रथम श्रेणीत ९३ सामने, ३९६ बळी, सरासरी १७.७०. फाळणीनंतर तो लाहोरला राहिला, तिथल्या क्रिकेट मंडळाच्या उभारणीत त्याचा हात होता. ११ मार्च १९६३ ला तिथेच गेला, बावन्न वर्षांचा होऊन.

माझं म्हणणं एवढंच, की आपली कसोटीची सुरुवात फिरकीने झालेली नाही. ती झाली एका धिप्पाड माणसाने सटक्लिफच्या यष्ट्या उडवून. फिरकी नंतर आली. मधे काय हरवलं आणि का, यावर जाणकारांनी लिहावं.

सुपारीबाग

जबरी! वाचनखूण साठवली. ५५५ चा किस्सा माहीत होता, पण त्याच जोडीचं पुढे दहा दिवसांनी काय झालं ते कधी जोडूनच बघितलं नव्हतं.

लेगबाय

लेख चांगला आहे, पण जरा थंड पाणी ओततो. सहा कसोट्यांवरून किती बोलायचं? सरासरी २८ म्हणजे चांगली, अचाट नव्हे. त्या काळी वेग मोजायचं यंत्र नव्हतं. "लारवूडपेक्षा वेगवान" हे सी.के. म्हणाले, म्हणजे त्याच्याच कप्तानाने म्हटलं. आपल्या पोराला कोण काळा म्हणतं? आणि दुसऱ्या डावात तो गायब असायचा हे तुम्हीच सुचवताय. १९३२ ला दुसऱ्या डावात ४२ धावांत १.

दुसरी स्लिप

@लेगबाय, रास्त आहे. वेगाच्या तुलनेवर मीही पैज लावणार नाही. पण दोन गोष्टी. पहिली, सी.के. कुणाचं उगाच कौतुक करणाऱ्यांतले नव्हते, त्यांच्या हाताखाली खेळलेल्यांनी त्यांच्या धाकाच्याच गोष्टी सांगितल्यात. दुसरी, साक्षीदार सी.के. नाहीतच, साक्षीदार धावफलक आहे. सटक्लिफ त्या हंगामात आयुष्यातल्या सर्वोत्तम फॉर्मात होता. त्याला ३ वर त्रिफळाचीत करायला काहीतरी लागतं.

दुसऱ्या डावाचं मान्य. पण हे बघा, दोन बाजूंनी दोनच खरे गोलंदाज, झेल सोडणारी फळी, पाठीशी २०० च्या आतली धावसंख्या. असा गोलंदाज दुसऱ्या डावात ताजातवाना कसा राहणार?

ऑफकटर

निसारचा विषय काढलात आणि अमरसिंगला एका वाक्यात उरकलंत, याचा निषेध.

क्विझमध्ये "भारताचा पहिला कसोटीपटू कोण" विचारलं की उत्तर अमरसिंग येतं, कारण टोपी क्रमांक १ (देशाच्या कसोटीपटूंना ओळीने मिळणारा क्रमांक) त्याची. ती केवळ इंग्रजी अकारविल्हेने मिळालेली. पण माणूस त्या क्रमांकाला शोभणारा होता. राजकोटचा. निसार हवेतून वेगवान, हा टप्पा पडल्यावर वेगवान. चेंडू जमिनीला लागून जणू आणखी जोर धरून उठायचा. वॉली हॅमंडसारख्या माणसाने आपण पाहिलेल्या सर्वांत धोकादायक सलामीच्या गोलंदाजांत त्याला बसवलंय. तिकडे लँकेशायर लीगमध्ये कोल्न क्लबने त्याला पैसे देऊन खेळायला ठेवला होता. १९३० च्या दशकात एका भारतीयाला! ७ कसोट्या, २८ बळी. मद्रासला १९३४ मध्ये ८६ धावांत ७. थोरला भाऊ रामजी हाही वेगवान गोलंदाज, बॉम्बे जिमखान्याच्या कसोटीत दोघे भाऊ निसारसोबत एकत्र खेळले.

आणि २१ मे १९४० ला जामनगरला तापाने गेला. एकोणतीस वर्षांचा. आता सांगा, १९४६ ला नवा चेंडू अमरनाथकडे का गेला.

दुसरी स्लिप

@ऑफकटर, निषेध शिरसावंद्य. खरं तर त्याच्यावर वेगळा धागा हवा, तो तुम्हीच काढा. मी एवढंच म्हणेन, की दोघांना एकमेकांशिवाय वाचताच येत नाही. एका टोकाकडून सुटका नाही म्हणून फलंदाज दुसऱ्या टोकाला चुकायचा.

कसबा पेठ

आमच्या पुण्याचा माणूस विसरलात की! जनार्दन नवले. पुण्याजवळच्या फुलगावचे. निसारचा तो पहिला चेंडू घ्यायला यष्ट्यांमागे कोण उभं होतं? नवले. आणि भारताच्या वतीने कसोटीतला पहिला चेंडू खेळलं कोण? तेही नवलेच, नौमल जेऊमलबरोबर सलामीला आले होते. दिवसभर निसार-अमरसिंगचे चेंडू झेलायचे आणि मग तेच सुजलेले हात घेऊन इंग्लंडच्या बोज आणि व्होससमोर सलामीला जायचं. धावा १२ आणि १३. आजचा कुठला कीपर हे करेल? बॉम्बे जिमखान्यावरही तेच मागे होते. म्हणजे निसारच्या पहिल्या दोन्ही "पाच बळीं"ना यष्टिरक्षक आमचा फुलगावचा. वारले ते १९७९ मध्ये पुण्यातच.

लेगबाय

@कसबा पेठ, पुण्याचा विषय नाही असा धागा अजून निघायचाय :)

कसबा पेठ

मग काढा की असा एखादा. पहिल्याच प्रतिसादात सापडेल.

ऑरेंजसिटी

तुम्ही पुणेवाले भांडत बसा बाप्पा, कप्तान कुठला होता ते पाहा. सी. के. नायडू, जन्म नागपूरचा. हाताला लागलेलं असताना पहिल्या डावात सगळ्यांत जास्त ४० धावा त्यांच्याच. लॉर्ड्सवर पहिला चेंडू निसारच्या हातात देणारा हात नागपूरचा होता, लिहून ठेवा.

सुपारीबाग

अवांतर: त्याच संघातल्या जहांगीर खानचा चिमणीचा किस्सा कुणीच कसा काढला नाही? १९३६ मध्ये केंब्रिजकडून लॉर्ड्सवर खेळताना त्याच्या चेंडूला मधेच चिमणी आडवी आली आणि मेली. त्या चिमणीला पेंढा भरून, त्याच चेंडूवर बसवून लॉर्ड्सच्या संग्रहालयात ठेवलंय. हाच जहांगीर पुढे माजिद खानचा बाप. १९३२ च्या दुसऱ्या डावात यानेच ६० धावांत ४ काढले होते, म्हणजे निसारचा दुसऱ्या डावातला वाटा यानेच उचलला म्हणा ना.

आणि लालसिंग तर आलाच होता थेट क्वालालंपूरहून. काय संघ होता!

पेन्शनर

लेख आवडला. मूळ प्रश्नाकडे येतो. मधे काय हरवलं?

माझ्या मते फाळणी. जुन्या हिंदुस्थानच्या वेगवान गोलंदाजीचा मोठा वाटा पंजाबातून यायचा. निसार होशियारपूरचा, जहांगीर जालंधरचा. पुढचा माणूस तयार होता, तो फझल महमूद, लाहोरचा. १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी भारताच्या संघात त्याची निवड झाली होती. कसबा पेठ, ऐका, हे तुमच्यासाठी: त्या संघाचं सराव शिबिर ऑगस्ट १९४७ मध्ये पुण्यात होतं. फझल पुण्यात होता आणि बाहेर देश फाटत होता. शिबिर पावसाने धुतलं. पुण्याहून मुंबईला येताना आगगाडीत काही माथेफिरू त्याच्या अंगावर आले, तेव्हा बरोबरच्या सी. के. नायडूंनी बॅट उगारून त्यांना मागे सारलं, असं फझलने स्वतः आत्मचरित्रात लिहिलंय. मुंबईहून विमानाने कराची, तिथून लाहोर. ऑस्ट्रेलियाला तो गेलाच नाही.

पाच वर्षांनी आला तो पाकिस्तानचा गोलंदाज म्हणून. लखनौला ऑक्टोबर १९५२ मध्ये ५२ धावांत ५ आणि ४२ धावांत ७. आपण डावाने हरलो. पाकिस्तानचा तो पहिला कसोटी विजय.

ज्या सी.केंनी लॉर्ड्सवर निसारला पहिला चेंडू दिला, त्यांनीच पंधरा वर्षांनी त्याच्या वारसाला गाडीतून सुखरूप पोचवला. मला हा सगळा धागा त्या डब्यात येऊन थांबल्यासारखा वाटतो.

दुसरी स्लिप

@पेन्शनर, हे मला माहीत नव्हतं. दंडवत.

लेगबाय

पेन्शनरकाका, प्रसंग अंगावर येणारा आहे, पण निष्कर्ष पटत नाही. फझल हा मुळात मध्यम वेगाचा, कटर टाकणारा. आणि फाळणीमुळे एक पिढी जाते, तीस वर्षं नाही जात. आपल्याकडे वेगवान गोलंदाज मेला तो खेळपट्टीने आणि कप्तानांच्या सवयीने. तीन षटकं टाकायची, चेंडूची लकाकी जाते का बघायची, नाही गेली तर जमिनीवर घासायची आणि फिरकीला बोलवायचं. ज्या पोराला तीन षटकांसाठीच ठेवलंय, तो कशाला छाती फोडून पळेल?

१९६७ ची इंग्लंडातली एजबॅस्टनची कसोटी आठवा. बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकट, चारही फिरकीवाले एका संघात आणि नवा चेंडू टाकायला बुधी कुंदरन. म्हणजे यष्टिरक्षक! कप्तान पतौडीने विचारलं, तू टाकतोस काय? तर त्यालाच ठाऊक नव्हतं, असा किस्सा आहे. त्याच दौऱ्यावर महाराष्ट्राचा सदानंद मोहोळ होता, वेगवान गोलंदाज. त्याला कसोटी कधीच मिळाली नाही. नंतर सोलकर, वाडेकर, अगदी गावसकरनेही नवा चेंडू टाकलाय. निसारच्या देशात!

ऑफकटर

+१ लेगबाय. भर घालतो: निसार-अमरसिंगच्या काळात घरच्या खेळपट्ट्या काही हिरव्या नव्हत्या. फरक हा की तेव्हा कप्तान त्यांच्यावर भरवसा ठेवून लांब स्पेल द्यायचा. बॉम्बे जिमखान्यावर त्या पाच बळींसाठी निसारने तेहतीसहून जास्त षटकं टाकलीत. पुढच्या काळातल्या किती जणांना कप्तानाने एका डावात तेवढी षटकं दिली?

पेन्शनर

लेगबाय, खेळपट्टीचं मान्य. पण सगळंच वाळवंट नव्हतं. कोल्हापूरचा दत्तू फडकर होता, ३१ कसोट्यांत ६२ बळी, शिवाय बाराशेच्या वर धावा. आणि आमचा रमाकांत देसाई.

मी तेव्हा शाळेत. डिसेंबर १९६०, ब्रेबॉर्नवर पाकिस्तानची कसोटी. चाळीत एकच रेडिओ, तोही तळमजल्यावर, आणि जिना माणसांनी भरलेला. हनीफने १६० केल्या होत्या, त्यामुळे सगळे आधीच चिडलेले. त्यात आपली फलंदाजी आठ बाद. मग देसाई आला. पाच फूट चार इंचांचा माणूस, त्याला टायनीच म्हणायचे. बंपर टाकायचा तेव्हा लोकांना प्रश्न पडायचा की एवढा चेंडू उसळतो कुठून. त्या दिवशी बॅट घेऊन उभा राहिला, नाना जोशीबरोबर नवव्या गड्यासाठी १४९ धावा जोडल्या, स्वतः ८५. जिन्यावरून कुणी हलेना. खालच्या बिऱ्हाडातल्या काकूंनी शेवटी सगळ्यांना चहा दिला, कारण त्यांना दारातून बाहेर पडायलाच वाट नव्हती.

निसारच्या निम्म्या आकाराचा असेल. पण एकट्याने ओढलं त्याने. २८ कसोट्या, ७४ बळी, आणि दुसऱ्या टोकाला बहुतेक वेळा कुणीच नाही. निसारला अमरसिंग होता. देसाईला कोण होतं?

सुपारीबाग

काका, यावर स्वतंत्र धागा काढा, प्लीज. जिन्यासकट.

ऑरेंजसिटी

मला एक कळत नाही. निसारचं नाव इकडे नाही आणि तिकडेही फारसं नाही. असं काऊन?

दुसरी स्लिप

@ऑरेंजसिटी, हेच मला टोचतं. इकडच्यांच्या लेखी तो लाहोरचा, तिकडच्यांच्या लेखी त्याने पाकिस्तानकडून एकही कसोटी खेळलेली नाही, मग मोजायचा कुठल्या खात्यावर? त्याचे पंचवीसच्या पंचवीस बळी भारताच्या खात्यावर आहेत आणि कबर लाहोरला.

एकदाच दोन्ही मंडळांना त्याची आठवण झाली. २००६ मध्ये मोहम्मद निसार करंडक सुरू केला, रणजी विजेता विरुद्ध पाकिस्तानातल्या कायदे आझम करंडकाचा विजेता. पहिला सामना धर्मशालेला, सियालकोटने उत्तर प्रदेशला हरवलं. २००७ मध्ये आपली मुंबई कराचीला गेली आणि पहिल्या डावातल्या आघाडीवर करंडक घेऊन आली. २००८ चा दिल्लीत झाला. मग नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला झाला आणि तो करंडक कायमचा कपाटात गेला. तीन सामने. निसारच्या कसोट्यांच्या निम्मे.

लेगबाय

मुंबईने निसारच्या नावाचा करंडक जिंकलाय हे खरंच माहीत नव्हतं. मुंबईकर असून. घ्या, एक गुण तुम्हाला.

ऑफकटर

कपिलचा विषय मूळ लेखात सुरुवातीला आला म्हणून: तोही पंजाबकडचाच, चंदीगडचा. १९७८ ला फैसलाबादला पदार्पण. त्याच दौऱ्यात त्याच्या बंपरवर सादिक मोहम्मदने हेल्मेट मागवलं. भारतीय गोलंदाजासमोर पाकिस्तानी सलामीवीर हेल्मेट मागतोय! पेन्शनरकाकांचा पंजाबचा सिद्धांत अगदीच मोडीत काढू नका, लेगबाय.

लेगबाय

एका कपिलवरून सिद्धांत? श्रीनाथ म्हैसूरचा, झहीर श्रीरामपूरचा, बुमरा अहमदाबादचा. वेगाला जिल्हा नसतो. चेंडू हातात ठेवणारा कप्तान लागतो.

कसबा पेठ

श्रीरामपूर आमच्याच बाजूला आहे, नोंद घ्यावी.

पेन्शनर

कुणाच्या घरी बॉम्बे जिमखान्याची ती कसोटी पाहिलेलं कुणी होतं का? असतील तर त्यांनी निसारबद्दल काय सांगितलं ते ऐकायला आवडेल.

बोरीबंदर

वाचनमात्र असतो, पण काकांनी विचारलं म्हणून लिहितो.

माझे आजोबा गेले होते. गिरगावात राहायचे, फोर्टात एका पेढीवर कारकून. पूर्ण दिवसाचं तिकीट परवडणारं नव्हतं, शिवाय सुटीही नव्हती. एका दिवशी आजारी असल्याची चिठ्ठी पाठवून गेले. दुसऱ्या दिवशी पेढीवर मालकाने विचारलं, तब्येत कशी आहे, आणि पुढच्याच वाक्यात, अमरनाथ किती वर खेळत होता? आजोबांनी न अडखळता धावा सांगितल्या. पगार कापला गेला नाही, कारण मालकही तिथेच होता.

हा किस्सा आम्ही शंभरदा ऐकलाय. अमरनाथचे फटके, सी.के. दुसऱ्या टोकाला, हवेत उडालेल्या टोप्या, कुणीतरी गळ्यातली साखळी काढून दिली ती. आज हा धागा वाचल्यावर आठवून बघितलं. निसारचं नाव आजोबांच्या तोंडून एकदाही ऐकलेलं नाही. आणि पाच बळी त्याच सामन्यातले.

दुसरी स्लिप

@बोरीबंदर, आजोबा नेमके कुठल्या दिवशी गेले होते? इंग्लंडच्या फलंदाजीचा दिवस असेल तर निसार त्यांच्यासमोरच पळत आला असणार.

बोरीबंदर

अमरनाथच्या दिवशी. इंग्लंडची फलंदाजी बघायला कोण रजा टाकणार होतं?